गुडघ्याचं ऑपरेशन ठरवण्याआधी आईंशी बोलून घ्या

ऐरोलीहून एका मुलाने विचारलं आहे. आई ठाण्यात चरईत राहतात, वय ६८, मधुमेह आहे, दोन्ही गुडघे झिजलेत. डॉक्टरांनी एक्स-रे बघून "ग्रेड फोर आहे, गॅप संपलाय, दोन्ही बदलावे लागतील" असं सांगितलं, म्हणजे एक्स-रेवरची झिजेची शेवटची पायरी. इमारत जुनी, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ऑपरेशन करावं का, दोन्ही गुडघे एकदम करावेत का, रोबोटने केलेलं चांगलं का, कुठल्या कंपनीचा सांधा जास्त टिकतो आणि दिवाळीआधी उरकून घेता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन सर्जन करतात. माझं काम त्याच्या आधी आणि नंतर, बहुतेक वेळा पेशंटच्या घरीच चालतं. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, कळवा या भागांत गेली कित्येक वर्षं मी बदललेले गुडघे चालते करते आहे. त्यामुळे हॉस्पिटलमधून सुटी मिळाल्यावर घरात काय होतं, ते मी जवळून पाहते.

तुमचे प्रश्न योग्यच आहेत, पण त्यांत आईंचं स्वतःचं म्हणणं कुठेच आलेलं नाही. त्यांना नेमकं काय जमेनासं झालंय, हे कळल्याशिवाय ऑपरेशन करावं की नाही, याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही, सर्जनलाही नाही. एक्स-रेमध्ये हाडाला हाड टेकलेलं असूनही रोज तलावपाळीला दोन फेऱ्या मारणारे आजोबा मला माहीत आहेत. आणि फिल्म तेवढी वाईट नसताना रात्री कूस बदलताना कळवळणाऱ्या बायकाही मी पाहिल्या आहेत. फिल्म हाडांची झीज दाखवते. दुखणं, स्नायूंची ताकद आणि माणसाने काय काय सोडून दिलंय हे त्यात दिसत नाही.

म्हणून आधी आईंजवळ निवांत बसा. कौपिनेश्वराच्या देवळापर्यंत त्या न थांबता जातात का? दुखण्यामुळे रात्री जाग येते का? वेदनाशामक गोळी आठवड्यातून किती वेळा लागते? तीन जिने नकोत म्हणून लग्नकार्य, हळदीकुंकू टाळायला लागल्यात का? गडकरी रंगायतनला नाटक संपल्यावर खुर्चीतून उठताना पाय धरतो का? रोजची गोळी, मोडलेली झोप आणि दिवसेंदिवस घरात कोंडून राहणं, हे सगळं एकत्र आलं असेल आणि व्यायाम-औषधांनी फरक पडलेला नसेल, तर ऑपरेशनची वेळ झाली आहे असं मी म्हणेन. अधूनमधून दुखतं पण सगळं चाललंय, असं असेल तर नुसत्या "ग्रेड फोर"ला घाबरून घाई करू नका. झिजेचं ऑपरेशन ही इमर्जन्सी नव्हे. मात्र वर्षानुवर्षं रेटू नये, हेही तितकंच खरं. पाय बाकदार होत जातो, गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो, मांडीचा स्नायू सुकतो, आणि अशा पायाचं ऑपरेशनही अवघड जातं नि नंतरची माझी मेहनतही दुप्पट होते.

व्यायाम करून झाला, असं बहुतेक जण सांगतात. खोदून विचारलं की कळतं, आठ दिवस पाय वर-खाली केला आणि सोडून दिला. मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंचा व्यायाम शिकून घेऊन निदान तीन महिने नेमाने करायला हवा. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झाल्यावर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो, त्यामुळे चार-पाच किलोंनीही फरक जाणवतो. मधुमेह असताना वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून आणून रोज घेणं किडनीला परवडत नाही. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर काही आठवडे आराम पडतो. पण ऑपरेशन ठरत आलं असेल तर ते घेऊ नका. इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

आता ऑपरेशनमध्ये काय करतात ते. "गुडघा काढून दुसरा बसवतात" या कल्पनेनेच आईंसारख्या अनेक जणी धसका घेतात. अख्खा गुडघा कुणी काढत नाही. किडलेला दात वरून घासून त्यावर कॅप बसवतात, त्याच्या जवळपास जाणारं हे काम आहे. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक यांवरचा खराब झालेला थर साधारण आठ ते दहा मिलिमीटर कापतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूचं आवरण बसतं, बहुधा कोबाल्ट-क्रोमचं. नडगीच्या टोकावर धातूची तबकडी आणि या दोघांच्या मधे टणक प्लास्टिकची, म्हणजे पॉलिथिलीनची चकती. सगळं बहुतेक वेळा बोन सिमेंटने पक्कं करतात. स्नायू, बाजूचे मुख्य बंध आणि कातडी आईंचीच राहते, आणि नंतरचं दुखणं असतं ते याच मऊ भागांचं. धातूला दुखत नाही.

भूल बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन, सोबत मांडीतल्या नसेला ब्लॉक, म्हणजे ती नस बधिर करणारं इंजेक्शन. पेशंट गुंगीत असतो पण पूर्ण बेशुद्ध नसतो. एका गुडघ्याला साधारण तास-दीड तास लागतो. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड सर्रास वापरात आल्यापासून रक्त चढवण्याची वेळ क्वचितच येते.

कंपनी आणि रोबोट यांच्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. यात जितका वेळ घालवाल, तितका सर्जन निवडण्यात घाला. गुडघे बदलण्याचं काम ते नियमित करतात का, ऑपरेशननंतर स्वतः तपासायला येतात का, गुंतागुंत झाली तर ती निस्तरण्याची सोय त्या हॉस्पिटलात आहे का, हे विचारा. रोबोटमुळे हाडाचे काप जास्त अचूक येतात, हे खरं. पण म्हणून दहा-पंधरा वर्षांनी पेशंट अधिक सुखी असतो, असं ठामपणे सांगण्याजोगा पुरावा अजून नाही. सर्जन त्यात तरबेज असतील आणि खर्च झेपत असेल तर जरूर करा, कर्ज काढून नको. सोनेरी लेप दिलेल्या सांध्याचंही तेच. एखाद्याला निकेलची ॲलर्जी असेल तर त्याचा विचार होतो, बाकीच्यांना साधा सांधा उत्तम चालतो. लॅन्सेटमध्ये २०१९ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनंतरही टिकून होते. त्या काळी बसवलेले सांधे आजच्यापेक्षा जुन्या बनावटीचे होते.

किमतीबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या पूर्ण संचासाठी ती तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी होती. पुढे आकड्यांत थोडेफार बदल झाले. त्यामुळे दोन हॉस्पिटलांच्या पॅकेजमध्ये लाखाचा फरक असेल तर तो बहुतेक खोली, भूल, ऑपरेशन थिएटर, तपासण्या आणि रोबोट यांचा असतो. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. बसवलेल्या प्रत्येक भागाचे स्टिकर डिस्चार्ज पेपरवर चिकटवून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे कधी दुरुस्ती करावी लागली तर सर्जन पहिल्यांदा तेच मागतात. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी बारकाईने वाचा, झिजेमुळे होणाऱ्या सांधेबदलाला बहुतेक पॉलिसींमध्ये सुरुवातीची काही वर्षं प्रतीक्षा असते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लिहायला बसले, तिच्याकडे येते. उत्तम ऑपरेशन झालेल्या, फिल्म सुरेख दिसणाऱ्या पेशंटांपैकीही जवळपास पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो, असं जगभरचे अभ्यास सांगत आले आहेत. त्यामागे कारणं बरीच असतात, पण एक मी घरोघरी पाहते. नव्या गुडघ्याकडून काय मिळणार आणि काय नाही, हे पेशंटला कुणी आधी सांगितलेलंच नसतं. चालताना, जिना चढताना होणारं ते हाडाचं दुखणं जातं, पाय सरळ दिसतो, बाजारहाट, प्रवास, देवदर्शन पुन्हा सुरू होतं. हे मोठं सुख आहे आणि ते बहुतेकांना मिळतं. पण हा विशीतला गुडघा नाही. चालताना कधीमधी टक् असा आवाज येतो. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर राहतो, कारण तिथल्या कातडीची बारीक नस कापली जाते. जमिनीवर मांडी घालून बसणं काही जणांना जमतं, पण मी कुणालाच त्याचं आश्वासन देत नाही, आणि उकिडवं बसणं तर सोडूनच द्यायचं. आईंची पूजा पाटावर बसून चालत असेल, पोळ्या जमिनीवर बसून लाटायची सवय असेल, तर देव चौरंगावरून उंच फळीवर जातील आणि पोळपाट ओट्यावर येईल, हे आधी बोला. एका आजींनी ऑपरेशनला होकार दिला होता तो गौरीपुढे पुन्हा बसता येईल म्हणून, आणि घरात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. ऑपरेशन उत्तम झालं, तरी त्या कितीतरी महिने हिरमुसलेल्या होत्या.

तयारी किमान महिनाभर आधी सुरू करा. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या. बरेच सर्जन ती साडेसात-आठच्या आत आल्याशिवाय तारीख देत नाहीत आणि ते बरोबर करतात. किडलेले दात, लघवीचा संसर्ग, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, टाचेच्या भेगा हे सगळं आधी बरं करून घ्यायचं, कारण जंतू तिथूनच सांध्यात पोचू शकतात. आई मिश्री लावत असतील तर तेही लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. घरातली माणसं ते व्यसनात मोजतच नाहीत, पण मिश्री म्हणजे तंबाखूच आणि निकोटिनने जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करायच्या नाहीत. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी थांबवावी लागते, म्हणून गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून भूलतज्ज्ञांसमोर ठेवा, काढे आणि चूर्णंसुद्धा.

मग घर. टेप घेऊन बाथरूमच्या दाराची रुंदी मोजा आणि वॉकर घेताना तो त्यातून जातो का बघा. जुन्या इमारतींमध्ये दार अरुंद आणि उंबरा वर आलेला, हे हमखास असतं. भारतीय संडास असेल तर कमोड खुर्ची आधीच आणा. सोफा बहुतेक घरांत फार खोल असतो, त्यावर बसलेल्या माणसाला दोघांनी उपसून काढावं लागतं. हात असलेली, बसल्यावर गुडघे कमरेच्या खाली राहतील इतकी उंच खुर्ची हवी. पायपुसणी, सतरंज्या, जमिनीवरून गेलेल्या वायरी उचला. आणि ऑपरेशनच्या आधीच आईंना वॉकरने चालायला शिकवा. दुखत्या पायाने, औषधांच्या गुंगीत नवीन काही शिकणं फार कठीण जातं.

तिसऱ्या मजल्याची काळजी वाटते तेवढी करू नका. सुटी देण्याआधी हॉस्पिटलमध्ये जिना चढवून घेतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एक हात कठड्याला आणि दुसऱ्या हातात काठी. प्रत्येक मजल्यावर एक स्टूल ठेवा. एकदा वर पोचल्या की टाके काढायच्या दिवसापर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, खाली उतरायची गरज नसते. ऐरोलीच्या तुमच्या इमारतीला लिफ्ट असेल तर पहिले सहा आठवडे तिकडे नेता येईल, पण तेही त्यांना विचारून. काही जणी स्वतःच्या घरात, ओळखीच्या शेजारणींमध्ये लवकर बऱ्या होतात.

बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करतात. पहिले एक-दोन दिवस ब्लॉकमुळे पाय बरा वाटतो. घरी आल्यावर, भुलेचा अंमल पूर्ण उतरल्यावर खरं दुखायला लागतं आणि "काहीतरी बिघडलं" असे फोन मला तेव्हाच येतात. बिघडलेलं नसतं. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, व्यायामाच्या अर्धा तास आधी एक येईल अशा बेताने. दुखलं की घेऊ असं केलं तर दुखणं पुढे पळतं आणि व्यायाम राहतो.

घरातले सगळे विचारतात, "किती वाकतोय?" नव्वद अंश झाला, शंभर झाला, फोनवर नातेवाइकांना आकडे सांगितले जातात. मी पहिल्या दिवसापासून गुडघा सरळ होतोय का, ते बघते. पेशंट पाठीवर झोपलेला असताना गुडघ्याच्या मागे लवणीत माझा हात आरपार गेला, तर गुडघा अजून सरळ नाही. असा गुडघा चालताना प्रत्येक पावलाला वाकलेलाच राहतो, मांडीचा स्नायू दमतो, कंबर दुखू लागते. वर्तकनगरच्या एका काकूंच्या घरच्यांनी इतकी माया केली की गुडघ्याखाली कायम मऊ उशी. सुजलेला गुडघा अर्धवट वाकलेला असला की बरा वाटतो, म्हणून काकूही खूश. तीन आठवड्यांनी तो गुडघा तिथेच अडकला आणि सरळ करायला दोन महिन्यांवर गेले, तेही रोज डोळ्यांत पाणी आणून. उशी ठेवायचीच तर टाचेखाली. टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवून गुडघा मोकळा सोडायचा, मांडी आवळून लवण गादीकडे दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. सुरुवातीला दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. वाकण्याचं काम खुर्चीत बसून पाऊल मागे सरकवत करायचं. दोन आठवड्यांत नव्वदच्या आसपास आणि सहा आठवड्यांत एकशेदहाच्या पुढे गेला तर मी समाधानी असते. खुर्चीतून उठायला आणि जिन्याला तेवढं पुरतं. सहा आठवडे उलटूनही नव्वदच्या आत अडकला असेल तर सर्जनना दाखवा. भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करता येतो, पण ते वेळेत केलं तरच चांगलं होतं.

सूज आणि हाताला लागणारी ऊब तीन ते सहा महिने राहू शकते. पहिले काही आठवडे झोप लागत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बऱ्याच जणी रडवेल्या होतात. भेटायला येणारे कमी झालेले असतात, दुखणं संपलेलं नसतं, आणि "कशाला केलं" असं वाटू लागतं. तेव्हा "अमक्याच्या आई तर पंधराव्या दिवशी चालल्या" हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सुधारणा वर्षभर होत राहते.

मात्र काही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघायची नाही. पोटरी अचानक घट्ट होऊन दुखणं, एक पाय दुसऱ्यापेक्षा भराभर सुजणं ही रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. दम लागला, छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा. जखमेतून पाणी किंवा पू येणं, थंडी वाजून ताप, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं यांत जंतुसंसर्गाची शंका घ्यायची. तो शंभरात एखाद-दोघांना होतो, पण झाला तर फार छळतो. अशा वेळी जवळच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. सर्जनना आधी सांध्यातलं पाणी काढून तपासावं लागतं, आणि गोळ्या पोटात गेल्या असल्या की जंतू सापडत नाहीत, आजार तसाच दबा धरून राहतो. हा नियम पाच-दहा वर्षांनीही लागू आहे.

दोन्ही गुडघे एकदम करावेत का? एकच भूल, एकच हॉस्पिटल, खर्चही थोडा कमी, म्हणून आपल्याकडे पुष्कळ लोक तसं करतात. पण शरीरावरचा ताण जास्त असतो, हृदय-फुप्फुसांच्या गुंतागुंतीचा धोका वाढतो. आईंना मधुमेह आहे, वय ६८, वर तीन जिने. हृदयाची तपासणी अगदी स्वच्छ आली आणि सर्जन-भूलतज्ज्ञ दोघांनी खात्री दिली तरच मी हो म्हणेन, नाहीतर जास्त दुखणारा आधी आणि दुसरा तीन महिन्यांनी. पहिला नीट झाला की दुसऱ्यावरचा भार हलका होतो आणि कधीकधी तो पुढे ढकलताही येतो.

दिवाळीआधी उरकण्याची घाई मात्र नको. "पावसात टाके पिकतात" या भीतीने तारीख ठरवू नका. पण दिवाळीत घरात पाहुणे, फराळाची गडबड, फिजिओ आणि कामवाली दोघी सुटीवर, आणि आई वॉकर घेऊन स्वयंपाकघरात उभ्या, हे मी दरवर्षी बघते. तुळशीचं लग्न होऊ द्या. तोवर साखर आटोक्यात आणा, मांडीचा व्यायाम सुरू करा, दात दाखवून घ्या. तारीख मात्र पहिले सहा आठवडे आईंजवळ दिवसभर कोण राहणार, ते ठरल्यावरच घ्या.